अकरावी खेप

लोखंडाची काळी पूड, इतकी बारीक
की बाटलीत शाई भरल्यासारखी वाटते.
बाहेरून चुंबक लावला की शाई काचेला जाऊन बिलगते
आणि उरलेलं पाणी नितळ.
चुंबक जुन्या स्पीकरमधला, शुक्रवारच्या बाजारातला,
पस्तीस रुपये.
बिल नाही, म्हणून पागेदार सरांनी सही केली नाही.

कणांना आधी कोळंबीच्या सालांचा लेप.
मग एक लहानसा रेणू, दोन टोकांना दोन हात:
एका हातानं कण धरतो, दुसऱ्यानं विकर,
दुधातली साखर मधोमध मोडणारं.
धरताना पाठीकडून धरावं, तोंड मोकळं ठेवावं.
पण रेणूला कोण शिकवणार.
काहींची तोंडंच दाबली जातात.
शंभरातलं बासष्ट उरलं.
"अडतीस टक्के बुडाले, दिवाळं की हो," सर म्हणाले.
मी वहीत ६२ लिहून खाली रेघ मारली.

मोकळं विकर जोरात धावतं, खरंय.
पण दुधात गेलं की दुधाचं झालं,
त्याला मागून हाक मारता येत नाही.
बांधलेलं परत येतं. धुवायचं, पुन्हा घालायचं.
दुसरी खेप, चौथी, सातवी.
वनराजभाई रोज फतेगंजहून दुधाची थैली आणतात, रोज विचारतात,
"बेन, एक वार तरी चा करू द्या ना यातला."
प्रयोगशाळेत काही प्यायचं नाही, असं दारावर लिहिलंय.
मीच लिहिलंय.

मे महिन्यात एका रात्री लाइट गेली ती सकाळी आली.
फ्रीजमध्ये बर्फाचं कोमट पाणी,
बाहेर आठ वाजताच रस्त्यावरचं डांबर मऊ.
मोकळ्या विकराच्या कुपीतला थेंब टाकला.
पिवळं व्हायला हवं होतं.
दहा मिनिटं. वीस.
पाणी ते पाणीच.
काळ्या बाटलीला हात लावायचा धीर होईना,
आधी सगळ्या नळ्या धुतल्या, धुतलेल्याही धुतल्या.
मग टाकला.
हळदीच्या बोटांनी पेला उचलावा
तसा काचेत रंग आला, आधी फिका, मग पुरता पिवळा.

दुधाची तपासणी करायला किट संपलेलं.
पर्समध्ये आईचं शुगरचं मशीन होतं, सेल बदलायला आणलेलं.
दूध दहापट पातळ केलं, पट्टीच्या टोकाला लावलं.
त्या पट्टीवरही एक विकर आहे, कुठल्याशा कारखान्यात बांधलेलं,
डबीच्या अंधारात दीड वर्षं
एका थेंबासाठी कोरडं बसलेलं.
बांधलेल्यानं बांधलेल्याची साक्ष दिली:
एकशे एकाहत्तर.
आईचा सकाळचा आकडा होता एकशे अडुसष्ट.

रात्री दांडिया बाजारात, स्वयंपाकघरात, तिला सांगितलं.
लहानपणी दुधाचा पेला मी मोगऱ्याच्या कुंडीत ओतायचे,
पोटात कळ यायची म्हणून.
"माहीत होतं," आई म्हणाली. "मोगरा मेला ना."
मग जरा थांबून:
"म्हणजे तुला चालेल ते दूध मला नाही चालायचं."
मी म्हटलं, साखर तेवढीच असते गं, फक्त मोडलेली, सुटी.
"सुटे पैसे लवकर संपतात," ती म्हणाली.
यावर मला एक अख्खा शोधनिबंध वाचावा लागला असता.

आमच्या कपाटाला कुलूप नाही, म्हणून चुंबक मी घरी आणते.
तिनं तो उचलला, ओट्यावर एकेका भांड्याला लावून पाहिला.
साखरेच्या डब्याला नाही.
पेल्याला नाही.
तव्याला असा बसला
की दोन्ही हात लावून ओढावा लागला.
"अन् हे काळं पोटात गेलं तर?"
धुतो आम्ही, म्हटलं, प्रत्येक खेपेला तीनदा.
"कितवी खेप?"
अकरावी.
"मग बारावीला सांग," म्हणाली,
आणि त्याच तव्यावर भाकरी टाकली.